चिकटलेली आतडी : वैद्याकडे काय मिळते आणि सिव्हिलला कधी धावायचे



आपल्या वस्तीत अशी एक तरी अक्का असतेच. वय चाळीस-पंचेचाळीस. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. दोन मुलांनंतर कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले, पुढे कधीतरी पिशवीही काढलेली. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या पोटात कळ येते, पोट फुगते, दोन दिवस शौचाला होत नाही आणि मग आपोआप मोकळे होते. सोनोग्राफी केली तर रिपोर्ट नॉर्मल. घरात कुणी म्हणते गॅस, कुणी म्हणते बेंबी सरकली, कुणी म्हणते कामाचा कंटाळा. शेवटी एखादा डॉक्टर सांगतो, "ऑपरेशनमुळे आतडी चिकटली असतील." पण मग औषध काय, हा प्रश्न तसाच राहतो.

इथून शोधाशोध सुरू होते. कुणी पोट चोळणाऱ्या बाईचा पत्ता देते, कुणी गाठी विरघळवणाऱ्या चूर्णाची पुडी आणते, कुणी एरंडेलाचा पेला पुढे करते. त्यातले काही उपयोगाचे असते, काही निरुपयोगी असते आणि एखादी गोष्ट चुकीच्या रात्री केली तर जीवावर बेतते. या तिन्हींतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळावा, म्हणून हा लेख.

चिकटतात म्हणजे काय होते?

आपल्या पोटाच्या आत एक पातळ, गुळगुळीत, ओलसर अस्तर असते. त्याला उदरावरण म्हणतात. या अस्तरामुळे कित्येक हात लांबीचे आतडे एकमेकांवरून सहज सरकते. पोट उघडले गेले, आत रक्त सांडले, जंतुसंसर्ग झाला किंवा पू झाला, की हे अस्तर सोलवटते. सोलवटलेल्या जागी शरीर काही तासांतच एक चिकट जाळी तयार करते. गुडघा फुटला की त्यावर खपली धरते, तशीच ही जाळी. बहुतेक ठिकाणी शरीर ती पाच-सात दिवसांत विरघळवून टाकते. जिथे ती विरघळत नाही तिथे तिचा पक्का, दोरीसारखा पट्टा बनतो. मग आतडे पोटाच्या भिंतीला, दुसऱ्या आतड्याला किंवा गर्भाशयाच्या बाजूला चिकटून राहते.

पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर शंभरातल्या नव्वदांहून अधिक माणसांच्या पोटात असे पट्टे तयार होतात. ही गोष्ट वाचून घाबरू नका. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. थोड्यांना मात्र तीन प्रकारचा त्रास होतो. पहिला, अधूनमधून ओढ लागल्यासारखे दुखणे. दुसरा, बीजनलिका चिकटल्याने मूल न राहणे. असे असताना दोष बाईच्या नशिबाला दिला जातो. तिसरा त्रास सगळ्यांत गंभीर : आतडे त्या पट्ट्याखाली अडकते किंवा त्याला पीळ पडतो आणि वाट बंद होते.

आपल्याकडे हा त्रास कोणाला?

सिझर, अपेंडिक्स, पिशवी काढणे, आतडे फुटल्यामुळे झालेले तातडीचे ऑपरेशन, ही नेहमीची कारणे. जितकी ऑपरेशने जास्त तितके चिकटणे जास्त. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनमध्ये ते तुलनेने कमी होते.

पिशवीचा विषय आला म्हणून थोडे थांबू. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी झाली. राज्य सरकारने त्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. बीडमधल्या टोळ्या आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडातही कोयता घेऊन येतात. त्या बायका आपल्याच आहेत. पिशवी काढली की पाळीची कटकट गेली, एवढेच त्यांना सांगितले जाते. पुढे आतडी चिकटू शकतात, कमी वयात हाडे ठिसूळ होऊ शकतात, हे सांगायला कुणी बसत नाही. म्हणून पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरचे मत सरकारी दवाखान्यात जरूर घ्या. कर्करोग किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर ऑपरेशन लागतेच. नुसते अंगावरून पांढरे जाते म्हणून पिशवी काढायची नसते.

दुसरे कारण पोटाचा टीबी. टीबी फक्त छातीचा असतो असा समज आहे. दाट वस्तीत, कोंदट खोलीत, अर्धपोटी राहणाऱ्या माणसाला तो आतड्यालाही होतो आणि कधी ऑपरेशन न झालेल्या पोटातही आतडी एकमेकांना चिकटवतो. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, भूक मरणे, पोट फुगणे आणि अधूनमधून कळा अशी लक्षणे असतील तर आधी टीबीची तपासणी करा. निदान झाले तर औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पोटाच्या टीबीला साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो. निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. या आजारावर नुसत्या काढ्यावर वेळ घालवणे म्हणजे आजार वाढू देणे.

रिपोर्ट नॉर्मल, मग दुखते का?

चिकटलेले पट्टे पातळ असतात. सोनोग्राफीत आणि बहुतेक वेळा सीटी स्कॅनमध्येही ते थेट दिसत नाहीत. आतड्याची वाट अडली तर ते सीटीत कळते. पट्टे प्रत्यक्ष पाहायचे तर दुर्बीण घालावी लागते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ बाई खोटे बोलते असा होत नाही. आजारी माणसाच्या शब्दावर घरच्यांनी विश्वास ठेवणे, ही या आजारातली पहिली सेवा आहे.

मग ऑपरेशन करून पट्टे कापून का टाकत नाहीत? कारण पुन्हा पोट उघडले की पुन्हा नवे पट्टे तयार होतात. नेदरलँड्समध्ये जुनाट पोटदुखीच्या १०० रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या पोटात दुर्बीण घातली. निम्म्यांचे पट्टे सोडवले, निम्म्यांचे नुसते पाहून सोडून दिले. वर्षभराने दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झालेले होते. त्यामुळे नुसत्या दुखण्यासाठी पट्टे कापायला चांगला सर्जन सहसा तयार होत नाही. आतड्याची वाट बंद झाली आणि ती अन्य उपायांनी उघडली नाही, तेव्हाच तो सुरी हातात घेतो.

जीवकाने दाखवलेले आतडे

हा आजार आजचा नाही. विनयपिटकातल्या महावग्गात तथागतांचे वैद्य जीवक यांची कथा आहे. राजगृहातल्या सालवती नावाच्या गणिकेचा हा मुलगा. जन्मताच त्याला उकिरड्यावर टाकून दिले होते. अभय राजकुमाराने उचलून वाढवले. तक्षशिलेला सात वर्षे शिकून तो वैद्य झाला. उकिरड्यावर टाकलेले मूल पुढे बिंबिसार राजाचा आणि भिक्खूसंघाचा वैद्य झाले, ही गोष्ट आपण मुलांना सांगावी अशीच आहे.

वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाला कोलांटउड्यांचा खेळ खेळताना आतड्याला गाठ पडली. पेज पचेना, जेवण पचेना, शौच-लघवी धड होईना. मुलगा वाळून गेला, पिवळा पडला, शिरा वर आल्या. जीवकाने त्याला तपासले, लोकांना बाहेर काढले, पडदा लावला, मुलाला खांबाला बांधले आणि त्याच्या पत्नीला समोर उभे केले. पोट चिरून गाठ पडलेले आतडे बाहेर काढले. तिला ते दाखवून, नवऱ्याला अन्न का पचत नव्हते ते समजावून सांगितले. मग गाठ सोडवली, आतडे जागच्या जागी ठेवले, पोट शिवले, लेप लावला. मुलगा बरा झाला.

या कथेतल्या दोन गोष्टी आज आपल्या कामाच्या आहेत. वाट बंद झालेल्या आतड्याला जीवकाने चूर्ण दिले नाही, मंत्र म्हटला नाही. पोट उघडून गाठ सोडवली. आणि आजार काय आहे ते घरच्या बाईला समजावून सांगितले. डॉक्टरांना "माझ्या पोटात नेमके काय झाले आहे?" असे विचारायला आपण लाजतो. ते विचारणे हा आपला हक्क आहे.

आयुर्वेदाचे ग्रंथ काय सांगतात?

'चिकटलेली आतडी' असा वेगळा आजार जुन्या ग्रंथांत नाही. वैद्य हा त्रास वातविकार, गुल्म, उदावर्त किंवा बद्धगुदोदर या नावांखाली बसवतात. गुल्म म्हणजे आपण ज्याला वायगोळा म्हणतो तो. उदावर्त म्हणजे खाली जायचा वायू उलटा वर चढणे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पोटाच्या फुगण्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यातला बद्धगुदोदर म्हणजे मलाची वाट बंद झालेले पोट. त्याच्या कारणांत अन्नाबरोबर गेलेले केस आहेत, मूळव्याध आहे आणि आतडी एकमेकांत गुंतणेही आहे.

उपचार म्हणून तिथे शेक, तेल-मिठाची बस्ती आणि तीव्र जुलाब सांगितले आहेत. (इथे बस्ती म्हणजे आपली वस्ती नव्हे. गुदद्वारातून औषधी तेल किंवा काढा देणे याला बस्ती म्हणतात. दवाखान्यातल्या एनिमाची ती भावंड.) त्याच अध्यायात पुढे असेही सांगितले आहे की हे काम शल्यकर्मात हात बसलेल्या वैद्याचे आहे. त्याने बेंबीच्या खाली डाव्या बाजूला चार बोटे मोजून पोट चिरावे, आतडे तपासावे, अडथळा काढावा आणि पोट शिवावे. सुश्रुतसंहितेतही हीच शस्त्रक्रिया आहे. म्हणजे ज्या ग्रंथांच्या नावाने आज बिना ऑपरेशनच्या पुड्या विकल्या जातात, त्याच ग्रंथांनी बंद आतड्याला शस्त्रक्रिया सांगितली आहे.

त्या ग्रंथांतले तीव्र जुलाब मात्र आज कुणी बंद आतड्याला देऊ नयेत. पुढची वाट पट्ट्याने आवळलेली असताना मागून जोर लावला तर आतडे फुटू शकते, हे आता पक्के माहीत आहे. ग्रंथात आहे म्हणून खरे, असे आपण मानत नाही. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हेच शिकवले. परंपरा आहे म्हणून स्वीकारू नका, तपासा, अकुशल वाटले तर सोडा. आयुर्वेदालाही हीच कसोटी लावू, ॲलोपॅथीलाही.

वैद्याकडे काय मिळते, काय मिळत नाही?

आधी काय मिळत नाही ते सांगतो. चिकटलेला पक्का पट्टा विरघळवणारे औषध आयुर्वेदात सिद्ध झालेले नाही, ॲलोपॅथीतही नाही. कुणी "तीन महिन्यांत आतडी सुटी करतो" म्हणून पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे.

काय मिळते? दोन कळांच्या मधले दिवस बरे जाऊ शकतात. बद्धकोष्ठ, गॅस आणि चुकीचे खाणे यांनी त्रास वाढतो. तिथे वैद्याची पथ्ये आणि साधी औषधे उपयोगी पडतात.

तेल आणि शेक : जखम पूर्ण भरल्यावर आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर कोमट तिळाचे तेल पोटावर हलक्या हाताने लावावे. मग गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. याने पट्टा सुटत नाही, पण आवळलेले स्नायू सैल होतात आणि बरे वाटते. जोरात चोळणे, पोटावर गुडघा देणे, बेंबी जागेवर बसवणे हे प्रकार करू नयेत. टाक्याच्या जागी हर्निया असेल तर चोळूच नये.

पोट साफ राहणे : रात्री झोपताना पाव ते अर्धा चमचा त्रिफळा चूर्ण कोमट पाण्याबरोबर बऱ्याच जणांना मानवते. जेवणात हिंग, जिरे, ओवा, सुंठ असावे. पातळ ताक घ्यावे. गॅस जास्त असेल तर वैद्य हिंग्वाष्टक चूर्ण देतात. एरंडेल हे औषध आहे. ते वैद्याने माप सांगितल्यावर, बऱ्या दिवसांतच घ्यावे. गरोदर बाईने घेऊ नये. इसबगोल पाण्यात फुगतो. आतड्याची वाट अरुंद असेल तर तिथेच त्याचा गोळा अडकू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

बस्ती : वाताच्या आजारात आयुर्वेद बस्तीला पहिला मान देतो. ती शिकलेल्या वैद्याने दवाखान्यातच द्यायची असते. ताजे ऑपरेशन, रक्त पडणे, ताप, उलट्या, बंद पोट यात ती घेऊ नये.

वैद्य निवडताना तो बीएएमएस आहे का, त्याची नोंदणी आहे का ते विचारा. आपल्या सोलापुरात सेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथल्यासारख्या शिकवणाऱ्या संस्थेत वैद्य आपले जुने कागद पाहून औषध देतो. चांगल्या वैद्याची खूण एकच आहे : काही लक्षणे दिसली तर "माझ्याकडे येऊ नका, थेट सर्जनकडे जा" असे तो पहिल्या भेटीतच सांगतो.

नाव-पत्ता नसलेल्या पुड्या घेऊ नका. काही भस्मांत आणि बनावट औषधांत शिसे सापडलेले आहे. शिशाची विषबाधा झाली की पोटात कळा येतात आणि शौच बंद होते. म्हणजे ज्या त्रासासाठी पुडी घेतली तोच त्रास पुडीने वाढतो आणि माणूस आणखी एक पुडी घेतो. पाकिटावर कारखान्याचे नाव, परवाना क्रमांक, घटक आणि तारीख नसेल तर ते औषध नव्हे. मेडिकलमधून रोज वेदनाशामक गोळी आणून गिळणेही तितकेच वाईट. त्याने जठराला जखम होते आणि किडनीवर ताण येतो.

खाण्याचे काय?

सोलापूरची ओळख म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ज्याची आतडी चिकटली आहेत त्याने कडक भाकरी कोरडी चावू नये. आमटीत चांगली भिजवून, मऊ करून खावी. बऱ्या दिवसांत भाकरी, डाळ, शिजवलेली भाजी सगळे चालते. मात्र एका वेळी ताट भरून खाण्यापेक्षा चार वेळा थोडे थोडे खावे आणि नीट चावावे. घाईघाईत गिळलेला चिवट घास अरुंद वाटेत अडकतो.

पेरूच्या बिया, बोरे, संत्र्याची सालपटे, शेवग्याचा चोथा, हुरडा, मक्याचे कणीस, कच्ची मोड आलेली कडधान्ये यांनी अडकण्याची भीती असते. ती टाळावीत किंवा अगदी थोडी खावीत. उसाचे कांडे चावले तर चोथा थुंकून टाकावा. दुखायला लागले की एक-दोन दिवस पातळ खाण्यावर यावे : भाताची पेज, मुगाचे कढण, ज्वारीची आंबील, पातळ ताक. पेज-कढणाचा हा सल्ला वैद्यही देतात आणि सर्जनही. मटण-मासे सोडायची गरज नाही. मऊ शिजवलेले मासे, अंडे, मटणाचे सूप चालते. आजारी माणसाचे अंडे-मटण 'पथ्य' म्हणून तोडले तर अशक्तपणाच वाढतो.

आता एक अवघड गोष्ट. चरकाने निरोगी राहण्याचा एक नियम सांगितला आहे : शौच, लघवी, वायू यांचा वेग अडवू नये. अडवला तर उदावर्त होतो. विडी वळणाऱ्या आपल्या अक्काला हा नियम कोण पाळू देतो? सार्वजनिक संडास लांब, दाराला कडी नाही, आत दिवा नाही, म्हणून ती अंधार पडेपर्यंत वेग अडवते. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते. वारंवार जावे लागू नये म्हणून ती पाणीच कमी पिते. पोट साफ व्हावे म्हणून सकाळी मशेरी लावते. या सगळ्याने बद्धकोष्ठ वाढते आणि चिकटलेल्या आतड्याला तेच बाधते. अशा वेळी त्रिफळ्याची डबी किती पुरी पडणार? वस्तीत कडी-दिवा असलेले स्वच्छ संडास मागणे हाही या आजारावरचा उपचार आहे. महिला मंडळाने नगरसेवकाकडे आणि महानगरपालिकेकडे तो अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

ती रात्र ओळखा

नेहमीची कळ आणि बंद आतड्याची कळ यांत फरक असतो. पुढील चार गोष्टी एकत्र दिसल्या तर आतडे अडकले असे समजा :

१. पोटात लाटेसारख्या कळा. येतात, ओसरतात, पुन्हा येतात.
२. उलट्या. आधी अन्नाच्या, मग हिरव्या-पिवळ्या, पुढे घाण वासाच्या.
३. पोट फुगून टणटणीत होणे.
४. शौच बंद आणि वायूही न सरणे.

आणि कळ न ओसरता सतत तीव्र दुखत राहिले, ताप आला, नाडी जोरात चालू लागली, पोटाला हात लावू देईना, शौचातून रक्त आले किंवा भोवळ आली, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता आहे. मग हिशेब तासांचा असतो. सकाळ होण्याची वाट पाहू नका.

अशा वेळी एरंडेल नको. जुलाबाची गोळी नको. एनिमा नको, बस्ती नको. पोट चोळणे नको. अंगारा, उतारा नको. गॅस असेल म्हणून ओव्याचा काढाही नको. तोंडाने काहीही देऊ नका. दुखते म्हणून गल्लीत सुई मारून झोपवूही नका. दुखणे दबते आणि आतडे आत काळे पडत राहते. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा करून थेट मोठ्या दवाखान्यात जा. आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, चोवीस तास उघडे असते. ते १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे.

दवाखान्यात काय करतात?

ऑपरेशनच्या भीतीने बायका घरी थांबतात, म्हणून हे सांगणे गरजेचे आहे. दाखल केले म्हणजे लगेच पोट फाडतात असे नाही. आधी खाणे-पिणे बंद करतात, नाकातून जठरात नळी घालून अडकलेले पाणी काढतात, सलाईन लावतात, रक्त तपासतात, एक्स-रे किंवा सीटी काढतात. चिकटण्यामुळे अडकलेली आतडी बऱ्याच रुग्णांत एवढ्यानेच दोन-तीन दिवसांत मोकळी होतात. वायू सरला, शौच झाले की नळी काढतात आणि पातळ खाणे सुरू करतात. आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात असेल किंवा वाट उघडतच नसेल तरच ऑपरेशन होते. लवकर गेलात तर पट्टा कापून भागते. उशीर झाला तर काळे पडलेले आतडे कापून काढावे लागते आणि जीवालाही धोका होतो.

खर्चाची भीतीही खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या दवाखान्यांत मिळतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. कागद शोधण्यात रात्र घालवू नका, रुग्णाला आधी पोचवा, कागद मागून आणता येतात.

आजच करण्यासारखे

घरात ज्याचे पोटाचे ऑपरेशन झाले असेल त्याचे डिस्चार्ज कार्ड शोधा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा. पुढच्या डॉक्टरला कोणते ऑपरेशन, कधी, कसे झाले हे कळले तर निदानातला निम्मा वेळ वाचतो. पुढे कोणतेही ऑपरेशन ठरले तर तीन प्रश्न विचारा : ते लागणारच आहे का, दुर्बिणीतून होते का, आणि नंतर पोट अडकण्याची लक्षणे कोणती? ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर उठून चालायला लागा, आतड्याला गती येते. कळ कधी आली आणि त्याआधी काय खाल्ले होते, हे मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. तीन-चार वेळांतच आपल्याला काय बाधते ते कळते.

महावग्गात आणखी एक प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो आता त्यांच्या काही कामाचा राहिला नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्या भिक्खूला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजवले. मग संघाला बोलावून रुग्णसेवेची जबाबदारी सगळ्यांवर टाकली.

आपल्या घरातली अक्का उद्या पोट धरून बसली तर तिला "पुन्हा सुरू झाले का तुझे" असे म्हणू नका. उलटी झाली का, वायू सरतो का, पोट टणक लागते का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे बरी असतील तर पेज करून द्या आणि शेकायला पिशवी द्या. उत्तरे बरी नसतील तर रिक्षा बोलवा. रविवारी विहारात वंदनेनंतर हे पान मोठ्याने वाचा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्या आजीबाईंपर्यंतही ते पोचेल. एरंडेलाचा पेला बहुतेक घरांत त्यांच्याच हातून पुढे येतो.